सुटायचा भाव

वाघोलीत गुंठ्याचा भाव शेंबड्या पोरालाही तोंडपाठ असतो. नगर रस्त्याला लागून किती, आव्हाळवाडीच्या अंगाला किती, बकोरी रस्त्याने आत शिरलं की किती, कोपऱ्याचा तुकडा असेल तर वर किती, हे सगळं चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या कळतं आणि दोन टपऱ्यांचे आकडे सहसा जुळतातही. पण त्याच टपरीमागे पत्र्याच्या शेडखाली, चाकाला वीट लावून उभा केलेला १९९८ सालचा ट्रॅक्टर केवढ्याला जाईल, असं विचारून बघा. टपरी एकदम गप्प होते. मग कुणीतरी चहाचा ग्लास खाली ठेवत म्हणतं, "तात्यांना बोलवा."

तात्या हे कुणा एका माणसाचं नाव नव्हे. केसनंदला ते अण्णा असतात, लोणीकंदला नाना, पेरणे फाट्याच्या पुढे गेलं की बापू. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे. शर्टाच्या खिशात दोन पेनं, त्यातलं एक फक्त ब्रीदरच्या नळीत खुपसून काजळी बघण्यापुरतं. बोटांच्या पेरांत मुरलेलं ग्रीस साबणाने जात नाही आणि ते जावं अशी त्यांची फारशी इच्छाही नसते. स्वतःचा ट्रॅक्टर त्यांनी केव्हाच विकला. तो पडत्या भावात विकला, अशी गावात बोलवा आहे. त्याबद्दल त्यांना विचारायचं नसतं.

तात्या एजंट नव्हेत, हे आधी स्पष्ट केलेलं बरं. एजंट दोन्हीकडून टक्के घेतो आणि सौदा झाला की त्याचा फोन लागत नाही. तात्या पैसे घेत नाहीत. त्यांना फक्त बोलावणं लागतं. त्यांना न विचारता एखादा ट्रॅक्टर परस्पर विकला गेला, तर ते तो ट्रॅक्टर गावातून जाताना बघतात, मान हलवतात आणि एवढंच म्हणतात, "गेला का? बरं झालं." या 'बरं झालं'मध्ये विकणाऱ्याची झोप उडवण्याची ताकद असते.

ही पारख बहुतेक तात्यांकडे वडिलांकडून आलेली असते, आणि वडिलांची पारख बैलांची होती. चाकणच्या बाजारात बैल बघताना ते दात बघायचे, खूर बघायचे, शेपटी पिरगाळायचे, चार पावलं चालवायचे आणि मग रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव करायचे, म्हणजे शेजारच्याला आकडा कळत नसे. जेजुरीला पौष पौर्णिमेला भरणाऱ्या गाढवांच्या बाजारात अजूनही दातांवरून वय आणि वयावरून किंमत ठरते. तात्यांनी ही सगळी विद्या जशीच्या तशी लोखंडाला लावली. वाघेश्वराच्या देवळाशी ज्यांची समाधी आहे, त्या पिलाजी जाधवरावांच्या काळापासून इथे घोड्यांची पारख चालत आली, असंही तात्या सांगतात. त्याला आधार विचारू नये. पिलाजीराव शाहू महाराजांच्या काळातले मातब्बर सरदार होते, तेव्हा त्यांच्या पदरी घोडे असणारच, एवढ्यावर तात्यांचं भागतं.

विकाऊ ट्रॅक्टर वाघोलीत आले कुठून, हेही सांगायला हवं. हवेली तालुक्यातलं हे गाव. पूर्वी ज्वारी-बाजरीचं, मग दगडखाणींचं, मग इमारतींचं. ३० जून २०२१ ला जी २३ गावं पुणे महापालिकेत गेली, त्यांत वाघोली होतं. पण शेती त्याच्या आधीच बरीचशी गेली होती. रान गेलं, विहीर बुजली, गोठ्याच्या जागी पार्किंग आलं. ट्रॅक्टर राहिला, कारण सातबाऱ्यावर तो नसतो आणि बिल्डर तो विकत घेत नाही. दसऱ्याला त्याला हार घालायचा, एरवी त्याच्या बॉनेटवर गाद्या वाळत घालायच्या. मग घरातली नवी सून एक दिवस म्हणते, इथं चारचाकी लागेल. त्या संध्याकाळी तात्यांना निरोप जातो.

तात्या येतात ते सकाळी सहाला. सांगितलेलं असतं दहाला.

हा त्यांचा पहिला डाव. दहाला जाणाऱ्याला ट्रॅक्टर चालू करून ठेवलेला सापडतो. इंजिन गरम, आवाज गोड, धूर नाही. सहाला मालक लुंगीवर दात घासत असतो. तात्या आधी सायलेन्सरला आणि रेडिएटरला हात लावतात. गार असेल तर समाधानाने मान हलवतात. कोमट असेल तर मालकाकडे नुसतं बघतात.

"रात्री उशिरा जरा फिरवून आणला, तात्या."

"कुठं?"

याला उत्तर नसतं, कारण वाघोलीत रात्री उशिरा ट्रॅक्टर फिरवायला जायची जागा उरलेली नाही.

मग चालू करायचा कार्यक्रम. "हाफ सेल्फला उठतो" असं प्रत्येक मालक सांगतो. तो हाफ सेल्फला उठला, तर तात्या म्हणतात, बॅटरी नवी टाकलेली दिसते. तीनदा सेल्फ मारावा लागला, तर म्हणतात, बॅटरी गेली. ट्रॅक्टर मुळातच उतारावर उभा केला असेल, तर काहीच म्हणत नाहीत, फक्त उताराकडे बोट दाखवतात. इंजिन धरलं की ते बॉनेटजवळ जात नाहीत, मागे जाऊन धुराकडे बघत राहतात. काळा धूर म्हणजे पंप-नोझलचं काम. तो लोड पडल्यावर थोडा आला तर चालतो. पांढरा सकाळच्या गारव्यात निघून लगेच थांबला तर माफ. निळा म्हणजे ऑइल जळतंय; रिंगा गेल्या, लायनरवर खर्च. निळ्या धुराला तात्या मान तिरकी करून बघतात आणि मालक घाईने म्हणतो, "सकाळचं ऊन तसं पडतंय."

त्यानंतर ब्रीदर. इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर टाकणारी ही साधी नळी. तिच्यातून फसफस धूर येत असेल तर पिस्टन आणि लायनरमधली जवळीक संपली असं समजायचं. मालक लोक ट्रॅक्टर रंगवतात, टायरना काळं फासतात, सीटला रेक्झिन लावतात. ब्रीदरचं मात्र काही करता येत नाही. जुन्या ट्रॅक्टरवर खरं बोलणारा तेवढा एकच भाग असतो, असं तात्यांचं मत आहे. "इंजिनला अजून पाना लागलेला नाही," असं मालक अभिमानाने सांगतो. सत्तावीस वर्षांत पाना लागला नसेल तर आता लागेल, हे तात्या हळूच पाहुण्याला, म्हणजे घ्यायला आलेल्याला, सांगतात. आणि पाना लागलेला असेल तर कुणाच्या हातचा, हे विचारून घेतात.

तासमीटरवर मात्र ते नजरही टाकत नाहीत. जुन्या ट्रॅक्टरचा तासमीटर इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो. ठरलेल्या वेगाने इंजिन तासभर फिरलं की एक तास पडतो, मंद फिरलं तर कमी. शिवाय त्याची केबल तुटते, आणि तुटली की ती बदलण्याची गरज आजवर कुणाला वाटलेली नाही. त्यामुळे बहुतेक मीटर कुठल्या तरी तरुण आकड्यावर थांबलेले असतात.

वाघोलीचा ट्रॅक्टर बाहेरच्या तालुक्यातल्या माणसाला फसवतो तो टायरमध्ये. श्रीगोंद्याहून, दौंडहून आलेला शेतकरी आधी टायर बघतो आणि खूश होतो: सत्तर-ऐंशी टक्के नक्षी शिल्लक! त्याला वाटतं, गाडी फार चाललेली नाही. चाललेली नाही हे खरंच असतं. ती खाणीवर एका जागी उभी होती, पाठीवर कॉम्प्रेसर बसवून, दगडाला भोकं पाडणाऱ्या ड्रिलला हवा पुरवत, दिवसदिवसभर. टायर नवेकोरे आणि इंजिन पेन्शनला आलेलं. याच्या उलट टँकर ओढणारा ट्रॅक्टर. वाघोलीतल्या सोसायट्यांना पाणी टँकरने येतं हे पुण्यात सर्वांना ठाऊक आहे. त्या टँकरपुढे जुंपलेल्या ट्रॅक्टरचं इंजिन एक वेळ ठणठणीत असेल, पण नगर रस्त्याच्या कोंडीत पावलापावलावर दाबून त्याची क्लच प्लेट कागद झालेली असते आणि मागच्या अंगाला गळत्या पाण्याने गंज चढलेला असतो. कारखान्याला ऊस ओढलेल्याची तऱ्हा तिसरी: दोन ट्रॉल्यांच्या ओढीने मागचा हौसिंग आणि हूक बोलू लागतात. थेऊरचा यशवंत कारखाना बंद पडला तेव्हा त्या बाजूचे असे कैक ट्रॅक्टर बाजारात आले, आणि सगळ्यांचे मालक सांगत होते, "फक्त घरच्या शेतीला वापरलाय."

फक्त घरच्या शेतीला. हे वाक्य ऐकलं की तात्या विचारतात, "शेती कुठंय?" मालक समोरच्या अकरा मजली इमारतीकडे हात करतो.

चाचणीचा प्रश्नही इथे बिकटच. हायड्रोलिक बघायचं तर मागे नांगर लावून उचलायचा, इंजिन बंद करायचं आणि नांगर हवेत किती वेळ टिकतो ते घड्याळ लावून बघायचं. इथवर ठीक. पण नांगर जमिनीत घालून ओढ बघायची तर जमीन हवी. तात्या मग ट्रॅक्टर घेऊन एखाद्या पत्र्याचं कुंपण घातलेल्या प्लॉटमध्ये शिरतात. दोन तास मारून होतात न होतात तोच वॉचमन शिट्टी फुंकत येतो. तो बिचारा परराज्यातला. एक म्हातारा साहेबांच्या साइटवर नांगरट का करतोय, हे त्याला कुणी समजावून सांगावं? टॉप गिअरचं तर विचारूच नका. ट्रॅक्टरचा जास्तीत जास्त वेग तासाला तीसेक किलोमीटर, आणि तोही केसनंद फाट्यापासून खराडीपर्यंत एकदासुद्धा गाठता येत नाही. टॉप गिअर सुटतो की धरतो, हे वाघोलीतल्या सौद्यात दोन्ही बाजू श्रद्धेवर सोडून देतात.

कंपन्यांची कुळं तात्यांना पाठ असतात आणि भावात कुळ मोजलं जातं. 'बी-२७५' म्हटलं की ते सांगतात, ही मूळची विलायतेतली, इंटरनॅशनल हार्वेस्टरची. महिंद्राने १९६३ साली इंटरनॅशनल आणि व्होल्टासबरोबर कंपनी काढली आणि मुंबईत ही बनवू लागले. मॅसी १०३५ म्हणजे मद्रासच्या टॅफेची. स्वराज पंजाबची, १९७४ ला बाजारात आली, २००७ मध्ये महिंद्राकडे गेली. आयशर सगळ्यांत आधी देशात बनली, १९५९ साली फरिदाबादला. एचएमटी मूळ चेक बनावटीच्या झेटरची. ताकद अशी की बास, पण २०१६ मध्ये केंद्र सरकारने पिंजोरचा ट्रॅक्टर विभाग बंद करायचं ठरवलं आणि त्या दिवसापासून तात्यांच्या वहीत एचएमटीचा भाव खाली आला. इंजिन तेच, ओढ तीच. "पार्ट कोण देणार?" हा त्यांचा प्रश्न. जुन्या यंत्राची अर्धी किंमत ते यंत्र किती चांगलं यावर असते आणि अर्धी नाना पेठेतल्या दुकानदाराच्या फळीवर, हे त्यांचं म्हणणं मला पटतं. ज्याचा ऑइल सील मिळत नाही, तो ट्रॅक्टर कितीही खानदानी असो, त्याचं स्थळ जमत नाही.

आता भाव. तात्यांच्या हिशेबात भाव तीन: सांगायचा, मागायचा आणि सुटायचा. सांगायचा मालक सांगतो, मागायचा पाहुणा मागतो, आणि सुटायचा फक्त तात्यांना ठाऊक असतो. तो त्यांना पहिल्या पाच मिनिटांतच कळलेला असतो. उरलेले तीन तास बाकीच्यांना तिथवर आणण्यात जातात.

समजा मालकाने सांगायचा भाव २,२५,००० सांगितला. पाहुण्याने तात्यांना आपल्या बाजूने नेमलं असेल, तर तात्या खिशातलं चालू पेन काढतात आणि वजाबाकी सुरू होते. मागच्या टायरची जोडी, ४०,०००. इंजिनचं काम, ७०,०००. क्लच, १५,०००. हायड्रोलिक, २०,०००. बॅटरी, ६,०००. स्टिअरिंगला पाव फेरा मोकळा येतोय, १०,०००. कागदपत्रं, १५,०००. रंग, १५,०००. बेरीज १,९१,०००. म्हणजे ट्रॅक्टरचे राहिले ३४,०००. आता गंमत अशी की ट्रॅक्टरचं वजन अठराशे किलोच्या आसपास, आणि भंगाराचा भाव किलोला ३० रुपये धरला तरी ५४,००० होतात. म्हणजे तात्यांच्या हिशेबाने हा ट्रॅक्टर चालू असल्यामुळे त्याची किंमत २०,००० रुपयांनी कमी भरते. मालक हा कागद बराच वेळ बघत राहतो.

हेच तात्या मालकाच्या बाजूने आले की बेरजेत उतरतात. टायर गेल्या वर्षीच टाकलेत, ४०,००० धरा. इंजिनचं काम झालंय, ७०,००० धरा. टप आहे, हूक आहे, पुढची वजनं आहेत, टूलबॉक्समध्ये कंपनीचा पाना आहे. असं करत करत आकडा तीन लाखांच्या पुढे सरकतो आणि पाहुणा विचारतो, "मग नवाच का घेऊ नये?" ज्या दिवशी पाहुणा हा प्रश्न विचारतो, त्या दिवशी तात्या बेरीज थांबवतात. कुठे थांबायचं हे ज्याला कळत नाही त्याने या धंद्यात पडू नये.

तो प्रश्न अलीकडे जास्त ऐकू येतो, आणि त्याला कारण आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला. ट्रॅक्टरच्या टायर आणि सुट्या भागांवरचा १८ वरून ५ वर. सात लाखांचा नवा ट्रॅक्टर पावणेचव्वेचाळीस हजारांनी उतरला. शेतकऱ्यांनी पेढे वाटले. तात्या मात्र आठवडाभर टपरीवर फिरकले नाहीत. जुन्या ट्रॅक्टरचा एक बोल्टही ढिला न होता तो दिल्लीतल्या एका बैठकीने स्वस्त झाला, हे त्यांना अन्यायाचं वाटलं. ब्रीदरमध्ये हे दिसलं नव्हतं.

त्यातल्या त्यात दिलासा म्हणजे नव्या तऱ्हेचं गिऱ्हाईक. हे खराडीच्या आयटी पार्कमधून येतं, बहुधा जोडीने येतं आणि सोबत इंजिनापेक्षा महाग फोन असतो. त्यांना ट्रॅक्टर चालवायचा नसतो. मुळशीकडे नाहीतर पानशेतला घेतलेल्या फार्महाऊसच्या फाटकात उभा करायचा असतो, किंवा कृषी पर्यटन केंद्रात मुलांना बसून फोटो काढायला हवा असतो. राज्याने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आणलं. ते वाचून तात्यांच्या धंद्याला बरकत येईल असं मंत्रालयात कुणाच्या ध्यानीमनीही नसेल. या गिऱ्हाइकापुढे तात्यांची सगळी विद्या उलटी फिरते. मालकाने पहाटे उठून गंज खरवडलेला असतो, लाल रंग मारलेला असतो, जोडपं हिरमुसतं. "ओरिजिनल रस्ट नाही का?" तात्या क्षणभर गोंधळतात, पण क्षणभरच. दुसऱ्याच दिवशी ते शेजारच्या गावातल्या मालकाला फोन करतात: "धुऊ नको. हात लावू नको. कोंबड्या बसतात तिथं बसू दे."

या मंडळींपैकी एकाने तात्यांना विचारलं की हा 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येईल का. तात्यांनी आरटीओतल्या ओळखीच्या माणसाकडे चौकशी केली. केंद्राने २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेजचे नियम केले, त्यांना नंबरात 'व्हीए' ही अक्षरं मिळतात, नव्या नोंदणीला २०,००० रुपये पडतात. पण हे दुचाकी आणि माणसं वाहणाऱ्या मोटारींपुरतं. ट्रॅक्टर त्यात बसत नाही. राजेरजवाड्यांच्या मोटारीला म्हातारपणाचा मान आणि ज्याने रान कसलं त्याला दर पाच वर्षांनी पुन्हा पासिंग, हे तात्यांना झोंबलं. त्यांनी ते बोलूनही दाखवलं. मग इंग्लंडमध्ये म्हणे फर्ग्युसनच्या छोट्या करड्या ट्रॅक्टरचे लिलाव होतात आणि हौशी लोक रांगा लावतात, असं त्या तरुणाने फोनवर दाखवलं. १९४६ ते १९५६ या दहा वर्षांत पाच लाखांवर बनलेला तो टीई-२० तात्यांनी बोटांनी मोठा करून पाहिला आणि विचारलं, "ब्रीदर मारतोय का?"

फोनमुळे तात्यांचं काम कमी होईल असं वाटलं होतं, ते वाढलं. व्हॉट्सअॅपवर खरेदी-विक्रीचे गट आहेत, त्यांत शुभेच्छा टाकू नयेत असा नियम आहे आणि तो रोज सकाळी मोडला जातो. फोटोत ट्रॅक्टर धुतलेला, पाठीमागे देऊळ, आणि नेहमी उजव्या बाजूनेच. तात्या फोटो बघून म्हणतात, "डावीकडं काहीतरी झालंय." बहुतेक वेळा झालेलं असतं. व्हिडिओ असेल तर पहिले दोन सेकंद ऐकतात. व्हिडिओ इंजिन चालू झाल्यानंतर सुरू होत असेल, तर पुढचं बघतही नाहीत.

सगळं जुळलं, पाहुणा एक लाख चाळीसवर आला, मालक एक लाख ऐंशीवर उतरला, की मग कागद निघतात आणि सौदा हमखास इथे अडतो. आरसी बुक आजोबांच्या नावावर असतं. आजोबा वारून बारा वर्षं झालेली असतात. मालक वारल्यावर वारसाने तीन महिन्यांत ३१ नंबरच्या फॉर्मवर नाव लावून घ्यायचं, असा कायदा आहे. जमिनीच्या वारसनोंदी ज्यांनी तलाठ्याच्या उंबऱ्याशी बसून करून घेतल्या, त्या घरात ट्रॅक्टरची नोंद कुणाला सुचलेली नसते. शिवाय बँकेचा बोजा कागदावर तसाच. कर्ज फिटलेलं, पण ३५ नंबरचा फॉर्म कुणी भरलेला नाही. पाहुणा श्रीगोंद्याचा, म्हणजे नगरच्या आरटीओचा, त्यामुळे २८ नंबरची एनओसी वेगळी. आणि शेवटी २९ आणि ३०, जे खरं म्हणजे सुरुवातीला लागतात असं सगळ्यांना वाटत असतं.

वारस म्हटलं की माणसं आली. एक भाऊ म्हणतो विकू नका, बाबांची आठवण आहे. त्याच्या फ्लॅटला पार्किंग एकच असतं, त्यामुळे ही आठवण थोरल्याकडेच राहावी असं त्याचं म्हणणं. दुसऱ्याला आकडा कमी वाटतो. आत्या सहीला उरुळीहून येतात आणि जमिनीच्या वेळची जुनी गोष्ट काढतात. कोट्यवधींच्या जमिनीच्या वाटण्या एका दुपारी झालेल्या घरात दीड लाखाच्या ट्रॅक्टरवर चार बैठका होतात. तात्या या बैठकांना हजर असतात, पण तोंड उघडत नाहीत. ते मधूनमधून अंगणात जाऊन पाहुण्याला चहा पाजतात आणि "होईल, होईल" म्हणतात. पाहुण्याने एव्हाना मनातल्या मनात त्या ट्रॅक्टरला कांद्याच्या रानात चार फेऱ्या मारून आणलेलं असतं, त्यामुळे तो उठून जाणार नाही हे त्यांना ठाऊक असतं.

अखेर आकडा ठरतो: १,६२,०००. ट्रॉली वेगळी. पाहुणा इसार म्हणून ११,००० मोजतो, मालक नोटा कपाळाला लावतो, थोरल्या सूनबाई नारळ आणून देतात. पाहुण्याने विचारलं तर तात्या सांगतात, "स्वस्तात मिळाला." मालकाने विचारलं तर सांगतात, "चांगला भाव आला." दोघांनी एकदम विचारलं तर खोकतात.

उरलेल्या रकमेचा हिशेब, कागद, एनओसी यांत तीन आठवडे जातात. एका सकाळी पाहुणा मुलाला घेऊन येतो, डिझेल टाकतो, पाचव्या सेल्फला इंजिन धरतं आणि ट्रॅक्टर लोणीकंदच्या दिशेने गर्दीत शिरतो. मालक तात्यांना घेऊन टपरीवर बसतो. चहा येतो. तात्या बशीत ओततात, फुंकर मारतात आणि सहज म्हणतात, "एक लाख नव्वदचं गिऱ्हाईक होतं माझ्याकडं. राहूचं."

मालकाचा ग्लास तोंडाशी थांबतो. "तात्या! मग आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही भाव विचारला होता," तात्या बशी खाली ठेवत म्हणतात. "गिऱ्हाईक कुठं विचारलं होतं?"